वरच्या फळीवर

आई गेली तेव्हा पेपरात द्यायच्या निधनवार्तेचं काम माझ्याकडे आलं. फोनवरच्या मुलाकडे मजकूर तयारच होता. 'प्रेमळ, मनमिळाऊ व कष्टाळू' एवढं वाचून दाखवून तो म्हणाला, "आता फक्त नाव आणि वय सांगा." मी म्हटलं, मनमिळाऊ काढा. तो जरा थबकला. "काकू, सगळे ठेवतात."

ठेवत असतील. पण आमच्या आईने शेजारच्या काकूंशी कढीपत्त्याच्या झाडावरून अकरा वर्षं अबोला धरला होता. झाड त्यांचं, फांदी आमच्या कुंपणाच्या आत, मग पानं कोणाची? अकराव्या वर्षी झाड कीड लागून वाळलं आणि दोघी पुन्हा बोलायला लागल्या, कालच्या गप्पा अर्धवट राहिल्या होत्या अशा थाटात. फॅमिली डॉक्टरांना ती विचारायची, "ही गोळी तुम्ही स्वतः कधी घेऊन बघितलीय का?" तेव्हा मनमिळाऊ नको. कष्टाळू असू दे. प्रेमळ, तिच्या पद्धतीने. वय वर्षे ९२.

त्यानंतर पाच महिने झाले. तिच्याबद्दल काही लिहावं म्हणून बसले की मला तिचा चेहरा आठवण्याआधी उंची आठवते. तिची स्वतःची नव्हे, ती चार फूट दहा इंचांवरून घसरत घसरत सव्वाचारावर आली होती. मला आठवतं ते आमच्या घरात कुठली वस्तू किती उंचीवर असायची ते. रेशनकार्ड, सोसायटीची कागदं, आमची गुणपत्रकं, चांदीची भांडी, धान्याचा एक पत्र्याचा डबा, सगळं वर. फळीवर, कपाटावर, माळ्यावर. जमिनीलगत ठेवायच्या लायकीच्या वस्तू आमच्या घरी दोनच, केरसुणी आणि चपला. बाकीच्या मैत्रिणींच्या घरी दप्तर कोपऱ्यात टाकलेलं चालायचं. आमच्याकडे दप्तराला खुंटी होती.

ती मूळची वाईची. जन्म १९३२ चा. पाण्याची तिला भीती नव्हती, उलट ओळख होती. कृष्णेला पूर आला की घाटावरच्या ढोल्या गणपतीच्या देवळात पाणी शिरायचं आणि पोरं ते बघायला धावायची. त्या देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती बांधलेली आहे, येणारं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. हे ती आम्हाला शंभरदा सांगायची आणि वर पुस्ती जोडायची, "बांधणाऱ्याला नदी ठाऊक होती." यात आमच्या पुण्याच्या वाड्याच्या मालकाला टोमणा असायचा.

व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची मराठी सातवी, पास झाली होती. त्या काळी तेवढ्यावर मास्तरीण होता यायचं, पण १९५१ साली लग्न करून ती शनिवार पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आली. नदी हाकेच्या अंतरावर, ओंकारेश्वराची घंटा घरात ऐकू यायची. अण्णा छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं, ही एक एक उचलून ओळी लावायच्या. संध्याकाळी ते घरी आले की बोटं काळी, आणि आई आधी त्यांना साबण द्यायची, मग चहा.

पानशेतच्या पुराबद्दल पुण्यात कोणी लिहायचं राहिलेलं नाही, म्हणून मी आमच्यापुरतंच सांगते. १२ जुलै १९६१, बुधवार. धरण अजून पुरतं बांधून झालं नव्हतं, ते सकाळी फुटलं. ते पाणी खालच्या खडकवासला धरणात आलं आणि मग तेही फुटलं. अण्णा छापखान्यात होते. मी चार वर्षांची, भाऊ आठ महिन्यांचा. गल्लीत पळापळ झाली तेव्हा आईने पळायच्या आधी घर आवरलं. हा तिचा स्वभाव. कागदं, तांदळाचा डबा, देव, लग्नातला शालू, सगळं तिने पोटमाळ्यावर चढवलं. पोटमाळा तिच्या डोक्याच्या वर हातभर होता. वाईच्या अनुभवाने तिने हिशेब केला होता की पाणी गुडघ्याच्या, फार तर कमरेच्या वर येणार नाही. शिवणाचं मशीन मात्र तिला एकटीला उचललं नाही. ते तिने कोपऱ्यात सरकवलं आणि वर गोधडी टाकली, पाणी गोधडीला विचारून येणार होतं तशी.

मग दाराला कुलूप लावलं. भावाला काखेला घेतलं, मला पदर धरायला दिला आणि दुसऱ्या हातात नुकतंच तापवलेलं दुधाचं पातेलं. झाकणावरून फडकं बांधलेलं. त्या दिवसातलं माझ्या स्वतःच्या डोक्यात राहिलेलं एवढंच आहे, ते झाकण वाजत होतं. बाकी सगळं ऐकून ऐकून आठवतंय असं वाटायला लागलेलं. रास्ता पेठेत आत्याकडे पोचेपर्यंत तिने ते दूध सांडू दिलं नाही. आत्याने विचारलं, "वहिनी, दागिने आणलेत का?" आई म्हणाली, "दूध आणलंय."

लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली गेले. पोटमाळाही गेला. तिचा अंदाज चार हातांनी चुकला होता.

दुसऱ्या दिवशी ती आणि अण्णा बघायला गेले. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती पाणी पिऊन बसल्या होत्या, पाणी उतरलं तशा त्याही उतरल्या. आमच्या दोन खोल्यांची एक चौकट उभी होती, तिच्यात दार, आणि दाराला कुलूप. हे सांगताना ती दर वेळी हसायची. "तुझे अण्णा किल्ली मागायला लागले. मी म्हटलं, अहो, बाजूने या की." अण्णांना मात्र या गोष्टीवर कधी हसू आलं नाही. त्यांच्या छापखान्यातली खिळ्यांची सगळी घरं गाळात उपडी झाली होती. तीन महिने पगार नव्हता. ते आणि त्यांचे सोबती घमेल्यात गाळ कालवून एक एक अक्षर वेचत होते.

मशीन तिसऱ्या दिवशी गाळातून निघालं. आत्याच्या वाड्याच्या चौकात आईने ते पूर्ण सोडवलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. परातीत रॉकेल, त्यात शटल, बॉबिन, स्क्रू, सुईचा दांडा. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमध्ये गाळ वाळून दगड झाला होता, तो तिने केसांतल्या आकड्याने एक एक खाच करत कोरून काढला. वाडाभरच्या बायका येऊन बघून जायच्या आणि म्हणायच्या, भंगारात द्या हो. पाच दिवसांनी तिने पट्टा चढवला, पायटा दाबला, आणि मदत म्हणून मिळालेल्या मांजरपाटाचं भावासाठी झबलं शिवलं. पहिली शिवण तपकिरी आली. दोराच मळत होता, आत कुठेतरी अजून ओल होती. ते झबलं तिने उसवलं नाही.

त्या मशीनवर आम्ही वाढलो. झंपर, परकर, पोलकी, उशांचे अभ्रे. काजं-बटणं माझ्याकडे. मोहरीएवढ्या अंतरावर टाके, मोठा पडला की उसव. मी एम. ए. होईपर्यंत काजं केली आणि आजही कोणाचा शर्ट बघितला की आधी काजांकडे नजर जाते.

पूरग्रस्तांच्या म्हणून सहकारनगरला सोसायट्या झाल्या, त्यातल्या एकीत आम्हाला जागा मिळाली आणि १९६६ मध्ये तिथे दोन खोल्या उभ्या राहिल्या. मागे पर्वती. आईला पहिल्यांदा जागा दाखवली तेव्हा तिने पूर्व-पश्चिम काही विचारलं नाही. "ओढा कुठाय?" एवढंच. ओढा होता, आंबील ओढा, बऱ्यापैकी लांब. तिने कंत्राटदाराला सांगितलं, जोतं दोन थर जास्त घ्या. तो म्हणाला, बाई, हा डोंगराचा उतार आहे, इथे पाणी थांबत नाही. ती म्हणाली, "खडकवासला पण पक्कं आहे म्हणत होते." त्या दोन थरांचे पैसे तिने झंपर शिवून फेडले. घराला चार पायऱ्या झाल्या आणि गल्लीत आमचं घर नाक वर करून बघतंय असं दिसायला लागलं.

यातली गंमत १९६७ ला झाली. डिसेंबरची ११ तारीख, पहाटेचा अंधार, कोयनेचा भूकंप. पुण्यातही चांगलाच हादरा बसला. पाण्यापासून वाचवायला म्हणून जे जे वर चढवलं होतं ते सगळं आमच्या अंथरुणांवर आलं. डबे, पितळी, लोणच्याची बरणी. अण्णांच्या कपाळाला गंगाळाचा काठ लागला, ती खूण त्यांना शेवटपर्यंत होती. अण्णा कपाळाला हळद दाबत म्हणाले, "आता तरी खाली ठेव." तिने सकाळी अंगण झाडलं, चहा केला आणि दहाच्या आत सगळं परत वर लावलं. फक्त बरणीची जागा बदलली.

बहात्तरच्या दुष्काळाचं ती फारसं बोलायची नाही. लाल मिलोच्या, म्हणजे तेव्हा अमेरिकेतून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीचं नाव काढलं की हात झटकायची. "पाणी जास्त झालं तरी मरण, कमी झालं तरी मरण. घशात अडकायची मेली."

आजी झाल्यावर ती निवळली असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. माझा मुलगा आणि भावाची मुलगी शाळेतून तिच्याकडे यायची, आणि आम्हाला जे कधीच मिळालं नाही ते त्यांना मिळालं, म्हणजे तिचा रिकामा वेळ. मशीन तोवर बंद झालं होतं, डोळ्यांमुळे. ती त्यांच्याशी बदाम सात खेळायची आणि राजरोस लबाडी करायची. पत्ता मांडीखाली दडवायची. पकडली गेली की म्हणायची, "बघत होते तुमचं लक्ष आहे का." पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेतले. माझा मुलगा आता बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिकडे हॉटेलात बिल वाटून घेताना सगळे फोन काढतात आणि हा अडीचकी म्हणतो. व्हिडिओ कॉल आला की ती आधी पदर सारखा करायची, मग चष्मा, मग विचारायची, "जेवलास का?" आणि उत्तर यायच्या आत फोन दुसऱ्याच्या हातात द्यायची. तिचं बोलणं झालेलं असायचं.

पंच्याहत्तरी उलटली तरी ती स्टुलावर चढायची. एकदा भावाने तिला माळ्यापाशी, एक पाय स्टुलावर आणि एक खिडकीच्या कठड्यावर, अशा अवस्थेत बघितलं. त्याने काही न बोलता स्टूलच उचलून ऑफिसला नेलं. मी त्याच्याशी फोनवर भांडले. तिला लहान मूल समजतोस का, असं बरंच काही. सोपं होतं ते, मी कोथरूडला राहत होते, पडली असती तर रात्री उचलायला तो होता. हे मी त्याला त्या वेळी म्हणाले नाही, नंतरही म्हणाले नाही, इथे लिहिते आहे.

मग तिची पाठ वाकायला लागली. हाडं ठिसूळ झाली, डॉक्टर म्हणाले, मणके बसतायत. तिच्या हाताची पोच दर वर्षी बोटभर कमी व्हायची. पण स्वयंपाकघरात ती कधी "हे काढून दे" असं म्हणाली नाही, आणि मला बरीच वर्षं कळलं नाही की हे कसं काय. गूळ तिला सापडायचा. साखरेचा डबा सापडायचा. एक दिवस मी लोणचं काढायला सवयीने सर्वांत वर हात घातला तर तिथे रिकामी फळी. बरणी दोन फळ्या खाली होती. वहिनीकडे बघितलं तर तिने ओठांवर बोट ठेवलं.

वहिनी दोन-तीन महिन्यांनी एखादा डबा एक फळी खाली आणत होती. एका वेळी एकच. शेजारचे डबे जरा इकडेतिकडे करून, फरक दिसू नये अशा बेताने. पंधरा वर्षं तिने हे केलं. माझ्या भावालाही ठाऊक नव्हतं. आमचं फडताळ आईबरोबर हळूहळू खाली बसत गेलं. मी लेक, मला पुराच्या गोष्टी तोंडपाठ, आणि हे माझ्या डोक्यात आलं नसतं.

आईला कळलं होतं का? एकदा गवार निवडता निवडता ती म्हणाली, "हल्लीच्या फळ्या बुटक्या झाल्यात." वहिनी ओट्याशी होती. आईने मान वर केली नाही, वहिनीने मागे वळून बघितलं नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा फुगला. दक्षिण पुण्यातल्या माणसांना ती तारीख सांगायला नको. दोन-तीन तासांच्या पावसात ओढ्याकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, भिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, माणसं गेली. आमच्या गल्लीतही रस्त्याची नदी झाली. चार पायऱ्यांपैकी तोवर दोनच उरल्या होत्या. दर डांबरीकरणाला रस्ता वर येत गेला आणि बाकीच्या त्याने गिळल्या. पाणी खालच्या पायरीवरून वरच्या पायरीला लागलं आणि तिथे डुचमळत राहिलं. भाऊ बॅटरी घेऊन दारात उभा. वीज गेलेली. आई सत्त्याऐंशी वर्षांची, पलंगावर पाय वर घेऊन बसलेली, अंधारात. दोन थरांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. नातीला हाक मारली आणि म्हणाली, "दूध तापवून ठेव ग. आणि झाकणाला फडकं बांध."

पाणी उंबऱ्याला लागलं नाही. पहाटे ओसरलं. शेजारच्या घरातला गाळ काढायला भाऊ आणि भाची दोन दिवस होती. आईने खुर्ची दारात घेतली आणि तिथून सूचना दिल्या. आधी कडेचा काढा, मधला आपोआप येतो. फरशी धुवायच्या आधी नाहणीचं तोंड मोकळं करा. ओली गादी ठेवू नका, जीव अडकवू नका तिच्यात, टाकून द्या. शेजारच्या घरात म्हणजे त्या कढीपत्तावाल्या काकूंच्या. त्या तोवर नव्हत्या, त्यांच्या सुनेने हे सगळं ऐकून घेतलं आणि चौथ्या दिवशी आईला वाकून नमस्कार केला. आई म्हणाली, "तुझ्या सासूने ऐकलं नसतं." ते कौतुक होतं, असं मी धरते.

शेवटची दोन वर्षं तिचं सरमिसळ व्हायचं. मी कधी मी असायचे, कधी आत्या. २०२४ च्या सप्टेंबरअखेर मेट्रो स्वारगेटपर्यंत जमिनीखालून सुरू झाली आणि भाचीने हट्ट धरला, आजीला न्यायचंच. व्हीलचेअर, लिफ्ट, पदराला सेफ्टी पिन, सगळा लवाजमा घेऊन आम्ही स्वारगेटला गाडीत चढलो. मंडईचं नाव ऐकल्यावर ती खुलली, मेथी कशी आहे विचारलं. पुढे भाची तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "आजी, आता आपण मुठेच्या खालून चाललोय. नदी आपल्या डोक्यावर आहे."

आईने वर बघितलं. डब्याचं पांढरं छत, दिवे, लोंबत्या कड्या. बराच वेळ बघत राहिली. मग भाचीचं मनगट घट्ट धरून, आजूबाजूचे वळून बघतील एवढ्या आवाजात म्हणाली, "कुलूप लावलंस का?"

जानेवारीत गेली. घरीच, पहाटे, फारसा त्रास न देता. वैकुंठला विद्युतदाहिनी. ती कशी गेली यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

जूनमध्ये सोसायटीत वारसनोंद करायची म्हणून मूळ कागद लागले. ते हिरव्या ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर. घरात खाली न आलेली तेवढी एकच वस्तू राहिली होती. वहिनी म्हणाली, "ताई, तुम्हीच उघडा." भावाने ती उतरवली. वर सोसायटीची कागदं मेणकापडात, त्याखाली आमची गुणपत्रकं, माझ्या गणिताच्या बावीस मार्कांसकट. तपकिरी शिवणीचं झबलं. किल्ली, जिचं कुलूप कुठल्या भंगारात गेलं देव जाणे. आणि सर्वांत तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत चार मेणबत्त्या, काथ्याची दोरी आणि काडेपेट्यांचा पुडा.

मेणबत्त्या नव्या होत्या. काडेपेट्यांचा कागद चकचकीत. मी भावाकडे बघितलं, भावाने वहिनीकडे.

"दर मृगाला बदलायला लावायच्या," वहिनी म्हणाली. "तुम्हा दोघांना सांगायचं नाही म्हणून. तुम्ही हसला असतात."

"आणि तू माळ्यावर कशी चढायचीस?"

"स्टुलावरून. दुसरं आणलं होतं आम्ही. पलंगाखाली असतं."

तिने एक पेटी उचलली, कानाशी धरून हलवली, काड्या वाजल्या. मग पुडा पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली. मृग लागून तीन दिवस झाले होते. कागद तेवढे बाहेर ठेवून आम्ही ट्रंक बंद केली आणि भावाने ती परत वर सरकवली. वहिनी खालून म्हणाली, "अजून आत. भिंतीला लागेपर्यंत."